यादीत जवळच्या गाड्या किती?

अमेरिकेतल्या स्प्रिंट कारच्या, म्हणजे मातीच्या छोट्या ट्रॅकवर धावणाऱ्या हलक्या पण ताकदवान गाड्यांच्या, शर्यती नियमाने पाहणारे नागपुरात आम्ही मोजकेच लोक आहोत. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्स ग्रोव्ह स्पीडवेवर शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला गाड्या मातीवर उतरतात, तेव्हा उन्हाळ्याच्या महिन्यांत आपल्याकडे शनिवारची पहाट पाचची वेळ असते. त्यामुळे हा छंद घरातल्यांना त्रास न देता जोपासता येतो. २०२३ चा हंगाम संपता संपता ‘ऑल स्टार सर्किट ऑफ चॅम्पियन्स’ ही मालिका बंद झाली आणि तेव्हापासून आमच्या गप्पांत एकच प्रश्न फिरतो आहे: प्रादेशिक मालिकांची प्रकृती नेमकी कशी आहे? बक्षिसाच्या रकमेवरून किंवा ऑनलाइन प्रेक्षकांच्या संख्येवरून ती ओळखता येत नाही, असे माझे मत आहे. मी आधी प्रवेशयादी उघडतो आणि दोन तासांच्या आतल्या अंतरावरून आलेल्या, आठवडाभर दुसरे काम करणाऱ्या मालकांच्या गाड्या किती आहेत ते पाहतो.

या गाडीचे अर्थकारण समजल्याशिवाय ही कसोटी पटणार नाही. वरच्या वर्गातले इंजिन ४१० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचे असते. ते मिथेनॉलवर चालते आणि ९०० च्या आसपास अश्वशक्ती देते, तर गाडीचे वजन चालकासह साडेसहाशे किलोच्या घरात असते. गाडीला क्लच नाही, गिअर बदलणे नाही आणि स्टार्टरही नाही. मागून ट्रकने ढकलले की इंजिन पेटते. असे नवे इंजिन घेण्यासाठी साठ हजार डॉलरहून अधिक मोजावे लागतात आणि ठरावीक शर्यतींनंतर ते उघडून पुन्हा बांधावे लागते. मागच्या उजव्या टायरचे आयुष्य तर कित्येकदा एका रात्रीपुरतेच असते. प्रादेशिक शर्यतीच्या विजेत्याला साधारणपणे काही हजार डॉलर मिळतात, म्हणजे पहिल्या तिघांच्या मागे राहणारा मालक जवळजवळ प्रत्येक रात्री पदरमोड करूनच घरी परततो. त्याने एक हंगाम थांबायचे ठरवले तर त्याची बातमी कोणी छापत नाही. यादीतली एक ओळ तेवढी कमी होते.

ऑल स्टारची कथा याच अंगाने वाचावी लागते. ही मालिका १९७० मध्ये सुरू झाली, काही वर्षांतच थांबली आणि १९८० मध्ये बर्ट एमिक यांनी तिला पुन्हा उभे केले. ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया हा तिचा गाभा होता. देशभर फिरणारी ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही मालिका १९७८ पासून चालू आहे. तिच्याएवढे फिरणे ज्यांना परवडत नव्हते, पण एका ट्रॅकवर दर आठवड्याला धावण्यातही ज्यांचे समाधान होत नव्हते, अशा संघांसाठी ऑल स्टार ही मधली पायरी होती. शर्यतचालक टोनी स्टुअर्ट यांनी ती २०१५ मध्ये विकत घेतली आणि २०२३ च्या हंगामानंतर ती काइल लार्सन आणि ब्रॅड स्वीट या चालकांच्या ‘हाय लिमिट’ या मालिकेकडे गेली. हाय लिमिटने २०२४ मध्ये स्वतःचा राष्ट्रीय हंगाम सुरू केला. अशा रीतीने वर एकाऐवजी दोन राष्ट्रीय मालिका झाल्या आणि मधली पायरी नाहीशी झाली. तीनशे साठ घनइंचांच्या स्वस्त इंजिनावर एमेट हान यांनी १९९२ मध्ये उभारलेली ‘अमेरिकन स्प्रिंट कार सिरीज’ही त्याच सुमारास आउटलॉज चालवणाऱ्या कंपनीकडे गेली.

दोन मोठ्या मालिकांच्या चढाओढीने वरच्या चालकांचे भले झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ मध्येच एल्डोरा स्पीडवेवर लोगन शुकार्ट याने एका रात्रीत दहा लाखांहून अधिक डॉलर जिंकले. पण त्या रकमेमुळे ओहायोतल्या एखाद्या गॅरेजमालकाच्या टायरचा खर्च भागत नाही. उलट वरचे संघ अधिक खर्च करू लागले की त्यांच्याबरोबर धावण्याची किंमतही वाढते.

मध्य पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. विल्यम्स ग्रोव्ह, लिंकन आणि पोर्ट रॉयल हे ट्रॅक एकमेकांपासून इतके जवळ आहेत की शुक्रवारी एकीकडे आणि शनिवारी दुसरीकडे धावून चालक रात्री घरी झोपू शकतो, आणि सोमवारी कामावर हजर होऊ शकतो. तिथल्या स्थानिक चालकांना ‘पेनसिल्व्हेनिया पॉसी’ म्हणतात आणि आउटलॉजची मंडळी आली की हेच लोक त्यांना घाम फोडतात. फिरती मालिका नसतानाही तिथे ४१० चा खेळ टिकला, याचे श्रेय मी कोणत्याही प्रवर्तकाच्या हुशारीपेक्षा या अंतरांना देतो. पावसाने दोन शुक्रवार वाया गेले तरी तिसऱ्या शुक्रवारी गाड्या येतात, कारण यायला फार डिझेल लागत नाही.

आपल्या विदर्भातल्या शंकरपटाकडेही, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीकडेही, मी याच नजरेने पाहतो. २०१४ च्या बंदीनंतर २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि पट पुन्हा भरू लागले. फलकावर मोटारसायकलचे बक्षीस असले की गर्दी जमते. पण जाणकार माणूस आसपासच्या गावांतून किती जोड्या आल्या आणि धुरकऱ्यांत तरुण किती आहेत, हेच विचारतो.

यादी लहान झाली की शर्यतीची रंगतही जाते, आणि हे प्रेक्षकांना लगेच जाणवते. मुख्य शर्यतीत साधारणपणे चोवीस ते सव्वीस गाड्या धावतात. चाळीस गाड्या आल्या तर प्राथमिक फेरीत चौथा आणि पाचवा यांच्यातली झुंजही जिवावर उदार होऊन होते, कारण मागे राहणाऱ्याला ‘बी-मेन’ ही मुख्य शर्यतीत शिरण्याची शेवटची फेरी खेळावी लागते आणि तिथून वर जाण्याच्या जागा मोजक्याच असतात. पंचवीसच आल्या तर जवळपास सगळेच पात्र ठरतात आणि संध्याकाळचा पहिला दीड तास निव्वळ उपचार होऊन बसतो. ऑनलाइन प्रक्षेपणाने मला नागपुरात बसून हे सारे पाहता येते, याबद्दल मी कृतज्ञ आहे. मात्र माझ्यासारख्याने भरलेल्या वर्गणीतला किती वाटा त्या ट्रॅकवरच्या शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचतो, याविषयी मला शंका आहे.

येत्या हंगामात माझे लक्ष ३०५ घनइंचांच्या वर्गावर राहील. इंजिनावर कडक मर्यादा असल्याने तिथला खर्च ४१० च्या मानाने बराच कमी असतो आणि नवे मालक याच दारातून आत येतात. एखाद्या ट्रॅकवर ३०५ च्या वीस गाड्या आणि ४१० च्या अठराच असतील, तर पुष्कळ लोक तो ट्रॅक ढासळला असे म्हणतील. मी मात्र त्याला, दूरदूरून बोलावलेल्या ४१० च्या तीस गाड्या दाखवणाऱ्या ट्रॅकपेक्षा, अधिक धडधाकट मानेन.