गायरान सरकारी, मग गावाने का राखायचं?

‘गायरान सरकारचं आहे, मग गावाने त्याची उठाठेव कशाला करायची?’ जळगाव-धुळ्याकडच्या ग्रामसभांत हा प्रश्न हमखास निघतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

गायरानाच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून ‘महाराष्ट्र शासन’ आणि इतर अधिकारात ‘गुरचरण’ अशी नोंद दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी अशी जमीन गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवतात. मालकी शासनाची, वापर गावाचा. त्यामुळे ग्रामपंचायतीला ठराव करून तिथे प्लॉट पाडता येत नाहीत. कलम २२-अ आल्यापासून शासनालाही ती सहज दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. सार्वजनिक प्रकल्पासाठी दुसरी योग्य जागा नसेल तरच, तेही अटींवर.

मग गायरान आटतं कसं? पत्र्याचं शेड उभं राहिलं तर साऱ्या गावाला दिसतं. नांगराखाली जाणारी जमीन दिसत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या की नांगरटी सुरू होते आणि बांधालगत नांगराचं एक तास, म्हणजे एक चरी, पलीकडे गायरानात पडतं. २०० मीटरच्या बांधावर वर्षाला फूटभर सरकलं तरी साधारण ६० चौरस मीटर जातात. दहा वर्षांत सहा आर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे, आणि एकदाही भांडण नाही! माझ्या मते गायरानाचा खरा शत्रू हा आहे.

म्हणून आधी कागद बघा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ब म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही आणि १-इ म्हणजे अतिक्रमणांची. गायरानावर पीक उभं आहे आणि १-इ कोरी आहे, तर पुढची कारवाई तिथेच अडते. नोंद असेल तर कलम ५० खाली अतिक्रमण काढता येतं, उभं पीकही सरकारजमा होऊ शकतं. ‘तीस वर्षं कसतोय’ हे उत्तर पुरत नाही. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सांगितलं, की दीर्घकाळचा ताबा किंवा बांधकामावर केलेला मोठा खर्च हे सामाईक जमिनीवरचं अतिक्रमण नियमित करायला कारण होत नाही. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना दिलेले पट्टे, किंवा तिथे आधीच असलेली शाळा, दवाखाना यांची गोष्ट वेगळी.

सातपुड्यात अक्राणी-अक्कलकुव्याकडे मात्र आधी खातरजमा करा. तिथे जमीन वनाची असेल तर २००६चा वनहक्क कायदा लागतो आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीचा दावा हा अतिक्रमण नसून हक्क असू शकतो. त्याला हुसकावणं हा अन्याय आहे.

मोजणी शेतं मोकळी असताना, उन्हाळ्यात मागवा. लगतच्या प्रत्येक खातेदाराला नोटीस पोचल्याची सही जपून ठेवा. एक जरी राहिला तरी तोच पुढे मोजणीवर हरकत घेतो. मग हद्दीचे दगड. तापीकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि वरवर रोवलेला दगड दोन-तीन वर्षांत कलतो. खड्डा भेगांच्या खालपर्यंत न्या, भोवती काळी माती परत न टाकता मुरूम ठोकून भरा. दगड रोवताना दोन्ही बाजूचे खातेदार उभे हवेत, आणि साक्री पट्ट्यात मेंढ्या घेऊन येणारे ठेलारीसुद्धा. चराईची वाट कुठून जाते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.