राजदूत ३५०चे दोन सिलिंडर
आजचा रविवार अक्कलकोट रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये जुन्या राजदूत ३५० मोटरसायकलसोबत गेला. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून यामाहा आरडी ३५०च्या धर्तीवर बनवलेल्या या गाडीत ६४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५४ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) असलेले दोन टू-स्ट्रोक सिलिंडर आहेत. परंतु प्रत्येकाचा कार्बोरेटर, पॉइंट (उघडताच प्लगमध्ये ठिणगी पाडणारा विद्युत-स्पर्शक) आणि क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळच्या पेटीतील) कप्पा स्वतंत्र असल्यामुळे प्रत्यक्षात दोन इंजिनेच जुळवावी लागतात. प्लगच्या छिद्रात डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजणारे तबकडीचे मापक) बसवून, पिस्टन वरच्या टोकापासून २ मिलिमीटर खाली असतानाच पॉइंट उघडेल, असे दोन्ही बाजूंना साधण्यात दुपार सरली (गॅरेजच्या उस्तादांचा चहाही निवला). १९७०च्या दशकात अमेरिकेतील टी. सी. ख्रिस्टेन्सन दोन नॉर्टन इंजिने एकाच सांगाड्यात बसवलेली ‘हॉगस्लेयर’ ही मोटरसायकल ड्रॅग (सरळ रेषेतील वेगाच्या) शर्यतीत पळवत असत. त्या जुळवणीची कल्पना आज थोडीफार आली. अनेक हौशी मंडळी आधी रंग आणि क्रोमवर खर्च करतात, हे मला पटत नाही; कारण क्रँकचे सील गळके असतील तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि तापलेला पिस्टन जाम होतो. सील आता नवे आहेत. दोन्ही कार्बोरेटरच्या स्लाइड (हवेची वाट उघडणारे सरकते भाग) एकाच क्षणी उचलल्या जातील अशी केबल लावणे तेवढे बाकी आहे.