तुम्ही विचारलंत म्हणून: मग मागायचे कशाला?

सगळे देवाच्याच इच्छेप्रमाणे व्हावे अशी प्रार्थना करायची असेल, तर आपले मागणे त्याच्यापुढे मांडायचेच कशाला, हा प्रश्न मला मंडळीतले (आमच्या चर्चमधले) तरुण विचारतात आणि बँकेतल्या जुन्या हिंदू मैत्रिणीही विचारतात. परवा तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला याचे उत्तर गेथशेमाने बागेत सापडते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने तेथे तीन वेळा प्रार्थना केली, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26वा अध्याय सावकाश वाचला तर पहिल्या व दुसऱ्या प्रार्थनेचे शब्द किंचित वेगळे असल्याचे ध्यानात येते. पहिल्या वेळी ‘होईल तर हा प्याला (म्हणजे पुढ्यातले दुःख) माझ्यावरून टळून जावो’ असे उघड मागणे आहे आणि ‘तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्यानंतर येते. दुसऱ्या वेळी मात्र, मी प्यायल्यावाचून हा प्याला टळत नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे तो म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये हे शेवटचे शब्द आणि त्याने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतले शब्द तंतोतंत एकच आहेत. इतरांना शिकवलेले वाक्य त्याला स्वतःलाही म्हणावे लागले, आणि तेही मनातले मागून झाल्यावर. म्हणूनच मागणे गिळून टाकून थेट शरणागतीवर येणारी प्रार्थना मला थोडी संशयास्पद वाटते.

आमच्यात ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द फार स्वस्तही झाले आहेत. कॉटेज मीटिंगचे, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेचे, आमंत्रण दिल्यावर समोरच्याने ‘प्रभूची इच्छा असेल तर येईन’ असे म्हटले, की खुशाल एक कप चहा कमी टाकावा.

मी स्वतः याहून मोठी लबाडी केलेली आहे. बँकेत असताना मला अहमदनगरहून पुण्याला बदली हवी होती. अर्ज दिला, आणि हुकूम हाती येण्याआधीच हडपसरच्या एका फ्लॅटसाठी 21,000 रुपये बयाणा देऊन मोकळी झाले. ती पावती मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पानांत ठेवली आणि रोज रात्री तिच्यावर हात ठेवून ‘प्रभू, तुझी इच्छा मला दाखव’ अशी प्रार्थना करू लागले. पावतीच्या कार्बनचा निळसर डाग त्या पानावर अजून आहे. मंडळीतील एका वयस्कर बाईंना हे सांगितले, तेव्हा मेथी निवडता निवडता मान वर न करताच त्या म्हणाल्या, “अगं, तू देवाला विचारते आहेस की कळवते आहेस?”

मला त्यांचा रागच आला. पुढे बदली झाली नाही आणि बयाण्यातले निम्मे पैसे बुडाले. तेव्हा देवानेच मला अडवले, असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. पुण्यात जागा रिकामी नव्हती, एवढेच मला ठाऊक आहे. पण ‘दाखव’ म्हणण्यापूर्वीच मी उत्तराची पावती फाडून घेतली होती, हे मात्र खरे.

देवाची इच्छा ओळखायची कशी, हा तुमचा दुसरा प्रश्न. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात प्रेषित पौल बिथुनिया प्रांतात जाऊ पाहतो, पण पवित्र आत्मा त्याला जाऊ देत नाही. मग त्रोवस शहरात रात्री दृष्टान्तात एक मासेदोनियाचा माणूस ‘इकडे येऊन आम्हांला साहाय्य कर’ अशी विनवणी करताना त्याला दिसतो. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. पुढचे वाक्य मात्र ‘आम्ही’ असे अनेकवचनी आहे, कारण त्याचा अर्थ सोबत्यांनी मिळून लावला आणि मग सगळे निघाले. बायबल कोठेही उघडून ओळीवर बोट ठेवायचे आणि तोच कौल मानायचा, ही आपल्याकडची पद्धत यात कोठे बसत नाही. त्या बाईंना मी बयाण्याआधी भेटले असते, तर निदान पैसे वाचले असते.

सध्या माझ्या मुलाचे परदेशी जाण्याचे घाटते आहे. त्याने येथेच राहावे, असे मी रोज रात्री स्पष्ट शब्दांत मागते. काही रात्री ‘तथापि’पर्यंत पोहोचते. परवा मात्र तेथवर आले, दिवा मालवला आणि तशीच झोपले.