दोन वाट्यांचा सूर

डिचोलीहून निघालो तेव्हा पाऊस थांबला होता. बाजार मागे पडेपर्यंत पुन्हा लागला. आषाढी एकादशीला कोरड्या अंगाने चालल्याचं मला तरी आठवत नाही. आमची वारी तशी छोटीच. पंढरपूरला जाणारे तिकडे जातात. आम्ही कारापूरच्या विठ्ठलापूरला, वाळवंटी नदीकाठच्या विठोबाला. सकाळी निघालेली दिंडी दुपारच्या आत पोचते. खऱ्या वारकऱ्यांना हसू येईल, पण बाबा याच वाटेला ‘माझी वारी’ म्हणायचे आणि वर्षातली एक रजा तिच्यासाठी राखून ठेवायचे.

या वर्षी त्यांचे टाळ माझ्या गळ्यात होते.

बाबा दाबोळीला नौदलाच्या तळावर विमानदुरुस्तीच्या कामाला होते, सिव्हिलियन म्हणून. वेड मात्र नोकरीच्या आधीचं. १८ डिसेंबर १९६१ला कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तेव्हा आठ वर्षांचे बाबा चिखलीला मामाकडे होते. बाकीची पोरं खाटेखाली, हे अंगणात. मामीने कान धरून आत ओढलं. कोणता कान, तेही दाखवायचे.

दुसरं वेड भजनाचं. घरात आम्ही कोंकणी बोलतो, भांडतो तेही कोंकणीत. विठोबाशी बोलायचं तर मराठी. त्यात काही विचित्र आहे असं गोव्यात कुणाला वाटत नाही. बाबा पेटी वाजवायचे, बरी वाजवायचे, फार चांगली नाही. कान मात्र पक्का. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाईंचं गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलं, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं असेल की जणू पाठवणी यांनीच केली होती. “आमची बाई सगळ्या विमानांच्या पुढे गेली,” म्हणायचे.

ही दोन वेडं जेवणाच्या ताटावर एकत्र यायची. तळावरच्या आयएल-३८ विमानाला चार पंखे. ते घरावरून गेलं की बाबांचा घास हातातच राहायचा. “ऐक. हेलकावतंय.” पंखे नेमके एका वेगाने फिरले नाहीत तर आवाज एकसंध राहत नाही, वाँव-वाँव असा हलतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जराशा चुकल्या की होतं, तेच. दोन सुरांत सेकंदाला तीन कंपनांचा फरक असेल, तर सेकंदाला तीन हेलकावे. हे ते ताटाच्या कडेवर बोट आपटून मोजून दाखवायचे आणि आई म्हणायची, “आधी जेवा.”

निवृत्तीनंतर पहिल्यांदा प्रवासी म्हणून विमानात बसले, मुंबईपर्यंत. खिडकी आईला दिली. हे डोळे मिटून इंजिन ऐकत राहिले. आईला अजून राग आहे, की ढग बघा म्हटलं तर एकदाही डोळे उघडले नाहीत.

टाळ घेतानाही त्यांनी दुकानदाराचा अंत पाहिला होता. जोड्या वाजवून वाजवून बाजूला ठेवत होते. मी शाळेत होते, मला लाज वाटत होती. शेवटी निवडलेल्या जोडीच्या दोन वाट्या एका सुरात नव्हत्याच. एक किंचित चढी. मी म्हटलं, बाबा, ही चुकलीय. म्हणाले, “अगदी जुळलेले टाळ लगेच मुके होतात. जरा फरक असला की नाद हलत राहतो.”

खाणीच्या भागातला लाल चिखल पोटऱ्यांपर्यंत आला होता. कुणीतरी उकडलेलं रताळं हातात दिलं. ते खायचं की टाळ धरायचे, या गोंधळात माझा ठेका दोनदा चुकला. नाहीतरी माझ्या हाताला लय नाही. बाबांनी एकदा सरळ सांगितलं होतं, तू ऐक, वाजवू नकोस.

कारापूर जवळ आल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, “हे भाईचे टाळ न्हय?” त्यांच्या मंडळातले म्हातारे पखवाजवाले. मी रेनकोटच्या टोपीत होते, तोंड त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मी मागे वळून मान हलवली. ते काही बोलले नाहीत. पुढे येऊन माझ्या शेजारून चालू लागले आणि हाताने मांडीवर ठेका धरून दिला, मला सापडेपर्यंत.

त्याच सुमाराला ढगांच्या वर एक विमान गेलं, बहुधा मोपाकडे. मी कान लावला. जेट होतं, हेलकावा वगैरे काही नाही, नुसती घरघर.

देवळात रूपाचा अभंग सुरू झाला. गर्दीत आत जायला मिळेना, म्हणून खांबाला टेकून आईला फोन लावला आणि मोबाइल टाळांजवळ धरून वाजवले. पलीकडे बराच वेळ काही नाही.

मग म्हणाली, “दोरी भिजली असेल. घरी आल्यावर आधी वाळत घाल.”