कागदच कापायचे, तर लंडन कशाला?

फोंड्याच्या बाजारात जुन्या विद्यार्थ्यांचे आईबाप भेटले की हमखास विचारतात, "सर, लंडनला भाचीकडे गेलात तेव्हा म्हणे तिकीट काढून कातरकाम बघून आलात? तसलं तर आमची पोरं शाळेत करतात!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

प्रदर्शन होतं फ्रेंच चित्रकार आंरी मातीसचं, २०१४ साली टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात. १९४१ मध्ये पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं उभं राहून रंगवणं जवळजवळ सुटलं. मग सहायक मुली कागदांना गुआश (अपारदर्शक जलरंग) लावून ठेवायच्या आणि हा कात्रीने थेट रंगातच आकार काढायचा. शाळेत आम्ही आधी पेन्सिलीने आखायला लावतो, मग कापायला. याची रेषा आणि रंग एकाच वेळी जन्माला यायचे.

पण खरी गंमत कापून झाल्यावरची. तुकडे चिकटवायची घाई नाही. भिंतीवर टाचणीने लावायचे, बघायचं, हलवायचे. गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधताना आजोबा खुर्चीतून फर्मावतात ना, नारळाची पेंड जरा इकडे, सुपारीचा घड वर, नाही, परत खाली, हुबेहूब तेच. कागदांवरची टाचण्यांची भोकं अजून दिसतात. मी तर चित्रांपेक्षा तीच जास्त शोधत होतो. रखवालदाराने दोनदा मागे सरकवलं.

छापील चित्रात हे सगळं गुळगुळीत होतं. १९४७ मध्ये त्याचं 'जॅझ' हे पुस्तक निघालं, २० चित्रांचं. त्या छपाईवर तो स्वतःच नाराज होता. प्रत्यक्षात कागदावर ब्रशचे फटकारे दिसतात, एक तुकडा दुसऱ्यावर चढलेला कळतो. १९५३ ची 'गोगलगाय' जवळजवळ तीन मीटर लांब-रुंद आहे, मोबाइलवर ती टिकलीएवढी होते. सगळंच आवडलं असं नाही. पानांच्या आकारांचा काही ठिकाणी कंटाळा आला. निळ्या कागदातून कापलेल्या बायकांच्या चित्रांपुढून मात्र पाय निघेना: मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये नुसती पांढरी फट सोडलीय, आणि गुडघा दुमडतो!

पोरं करतात म्हणालात, करतातच. फक्त त्यांच्या हातातला डिंक आठवडाभर लपवा, टाचण्या द्या आणि हॉलची एक भिंत मोकळी करा. मग मला बोलवा, तिकीट काढून येतो.