बेचकी

शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून हाक मारली, "तुमच्या पेरूची पानं आमच्या टाकीत पडायलीत की ओ, पावसाच्या आधी जरा बघा." बघा म्हणजे तोडा. मी हो म्हणालो. गेल्या मे महिन्यातही हो म्हणालो होतो.

दुपारी जेवल्यावर झोप येईना म्हणून खरंच बघायला गेलो. झाड गच्चीच्या वर गेलंय. पेरू सगळे शेंड्याला, त्यातले दिवसा पोपटांचे, रात्री वटवाघळांचे, आणि आपल्या वाट्याला खाली पडलेला अर्धा, तोही अळीचा. आत नुसता गुंता, कुठली फांदी कुठून निघालीय कळायची सोय नाही. हातात सिकेटर आणि करवत घेऊन अर्धा तास मान वर करून उभा होतो. तोडली किती, तर एक वाळकी काडी.

माझी अडचण अशी आहे की मला पेरूच्या झाडात फांदी दिसतच नाही, बेचकी दिसते. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या गल्लीत बेचकी करायची तर पेरूचीच, बाकी लाकूड ताणलं की चिरतं. दोन्ही हात सारख्या जाडीचे पाहिजेत, मूठ अंगठ्याएवढी. पेरूची पानं समोरासमोर जोडीनं येतात, त्यामुळे शेंडा खुडला की बऱ्याचदा दोन्ही बगलांतून फूट निघते आणि आयतीच बेचकी तयार होते. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं पण माहीत होतं, आणि आम्ही शेंडे खुडून ठेवायचो, पुढच्या सुट्टीसाठी. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, चपलेच्या जुन्या चामड्याचा तुकडा, की झालं काम. एवढं करून माझ्या बेचकीनं आयुष्यात एकच वस्तू पडली, ती म्हणजे शेजारचं कौल. (तेव्हाच्या शेजारचं. या काकू नंतर आल्या.)

खरी छाटणी पाहिली ती तासगावकडं, मामाच्या बागेत. चौथीची परीक्षा संपवून द्राक्षं खायला म्हणून गेलो तर बागेत द्राक्ष नाही, पान नाही, नुसते खुंट आणि तारा. एप्रिलची खरड छाटणी झालेली. मी तिथंच भोकाड पसरलं. मामा म्हणाला, "आरं, आता काडी तयार झाली तर पुढं घड येतोय, न्हाईतर काय पानं खाणार हैस?" एप्रिलला छाटायचं ते काडीसाठी आणि ऑक्टोबरला परत छाटायचं ते फळासाठी, एकाच वेलावर वर्षातनं दोनदा कात्री. मला तो माणूस तेव्हा फार निर्दय वाटला होता.

शेवटी त्यालाच व्हिडिओ कॉल लावला.

"ती आत वळलेली काढ पयली. ती न्हवं, तिच्या डावीकडची."

"तुझी डावी का माझी?"

"झाडाची!"

मग जमलं. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, सरळ वर सुटलेल्या, एकेक खाली यायला लागल्या. पेरूला मोहोर नव्या फुटीवरच येतोय, जुन्या लाकडाची माया कशाला, असं मामाचं चालूच होतं. कापलेल्या जागी मोरचूद-चुना लाव म्हणाला. आणि मग, "एवढं वाढू कसं दिलंस रे?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं खरं तर. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही विश्रामबागेत मावशीकडं. परत आलो तर लिंबू गेलेलं, पपई आडवी, सगळीकडं गाळ, आणि पेरू मात्र उभा. पाणी जिथवर आलं होतं तिथं बाबांनी खोडात एक खिळा मारला आणि म्हणाले, "याला आता कुणी हात लावायचा नाही." दोन वर्षांनी ते गेले. हात कुणी लावला नाही.

खिळा मी शोधला. सापडला नाही. पेरूच्या खोडाची साल पापुद्र्यासारखी निघते, खाली गुळगुळीत हिरवट, तिथं माझ्या छातीच्या उंचीला एक गाठ तेवढी हाताला लागते. करवत तिथनं वरच ठेवली. मामाला काही बोललो नाही, तोही फोन धरून गप्प बसला.

चार वाजता आई उठून बाहेर आली. झाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग ढिगातली कोवळी पानं निवडून पदरात घेतली, तोंड आलंय म्हणाली, चघळायला होतील. आत गेली.

दुसऱ्या दिवशी परत कंपाउंडवरून हाक. "अहो, तुम्ही सगळंच काढलं की ओ! आमच्या टाकीवर सावलीच राहिली नाही, पाणी नुसतं तापायलंय."

मी तेव्हा ढिगातनं निवडलेली एक बेचकी कानशीनं घासत बसलो होतो. दोन्ही हात अगदी सारखे. ट्यूब तेवढी मिळायचीय.