दहा गढूळ ट्यूब

मे संपत आला होता, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होता. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत सकाळी नऊलाच ऊन अंगावर यायचं. लॅबमध्ये पाय ठेवला आणि अटेंडंट धावत आला, "मॅडम, दहाच्या दहा गढूळ झाल्या जी!"

कोलॅजन या प्रथिनाच्या जेलच्या सिरिंजांची बॅच होती. हे जेल शरीरात बसवायचं, त्यामुळे ते निर्जंतुक हवंच. पण ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेची, उष्णता कोलॅजनला सोसत नाही. कंपनी ते पातळ असतानाच गाळून घेते आणि पुढचं सगळं जंतुविरहित खोलीत करते. म्हणजे शेवटी जंतू मारणारी पायरीच नाही. आमच्या तपासणीवर म्हणून फार भार असतो.

माल दोन प्रकारच्या मीडियात, म्हणजे जंतू वाढवणाऱ्या पोषक द्रवात, घालून ठेवतात: थायोग्लायकोलेटच्या ट्यूब ३० ते ३५ अंशांवर, सोयाबीन-केसीनच्या २० ते २५ वर, १४ दिवस. दुसऱ्याच दिवशी पहिल्या दहा दुधाळ! जंतू एवढ्या एकसारखे दहाही ट्यूबांत वाढतील? नुसत्या मीडियाची ट्यूब तर निवळ होती. मी थोडं जेल वेगळ्या मीडियात घालून त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवलं. थोड्या वेळात तेही दुधाळ. आम्लात विरघळलेलं कोलॅजन उदासीन मीडियात ऊब लागताच धागे विणतं, त्याचाच हा पांढरेपणा.

हे कळवलं तर कंपनीचे साहेब फोनवर खुश झाले. "धागेच आहेत ना? मग पास करा की." मी नाही म्हटलं. धाग्यांमुळे ट्यूब गढूळ झाली हे खरं, पण त्या गढूळपणाआड जंतू नाहीत हे कशावरून? नियमही तेच सांगतो: मालामुळेच मीडिया गढूळ होत असेल, तर १४ दिवसांनी प्रत्येक ट्यूबमधला किमान १ मिली नव्या मीडियात घ्यायचा आणि जुन्या-नव्या दोन्ही ट्यूब निदान ४ दिवस ठेवायच्या.

मधल्या काळात पेशींची चाचणी आटोपली. जेलचा अर्क उंदराच्या एल-९२९ पेशींवर २४ तास ठेवला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लांबट, ताणलेल्या, एकमेकींना चिकटून. विषारीपणाची खूण नाही. साहेबांचा पुन्हा फोन. पण पेशींना माल मानवला म्हणजे तो निर्जंतुक झाला, असं होत नाही. ती चाचणी विषारीपणा बघते, जंतू शोधत नाही.

अठराव्या दिवशी सकाळी मी नव्या मीडियाच्या ट्यूब एकेक करून काळ्या कागदासमोर धरल्या. नऊमध्ये पांढुरका पुंजका, भोवती मीडिया स्वच्छ. दहावीत, वर हवेजवळ मीडिया गुलाबी असतो ना, तिथेच एक ढगाळ थर. हलवला तर लाटेसारखा उठला. माझे हात गार पडले. स्लाइड रंगवली: निळ्याजांभळ्या काड्यांसारखे जंतू, आणि काहींच्या आत न रंगलेले गोल बीजाणू.

लॅबमधूनच आलं असेल, असं कंपनीनं म्हटलं. आम्ही त्या दिवशी हवेतले आणि हातमोज्यांवरचे जंतू तपासायला ठेवलेल्या प्लेट, नुसत्या मीडियाची ट्यूब, सगळं समोर ठेवलं. सगळं स्वच्छ. निकाल रद्द करायला कारणच नव्हतं. बॅच नापास.

आमच्याकडे उरलेल्या सिरिंज ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर टाकून मी झाकण उघडलं, तेव्हा जेल उरलंच नव्हतं. पिवळसर जिलेटिनचं पाणी तेवढं होतं. अटेंडंट हळूच म्हणाला, "कोणाच्या तरी अंगात गेलं असतं हे, मॅडम."